परचेसचं टार्गेट बदलताना: एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. माणसं ११०, उलाढाल साधारण २२ कोटी, त्यातली खरेदीच १४.६ कोटी. पंपांची हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचं (कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, कोल्हापूरचा; मशीनिंग आमचं) आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक्ससाठी शाफ्ट, हे मुख्य काम. परचेस माझ्याकडे, हाताखाली दोघं. या नोंदी मुळात माझ्या डायरीतल्या. दुसऱ्या कुणी हेच करायला घेतलं तर निदान आमच्याच खड्ड्यात पडू नये म्हणून नीट लिहून काढल्या. आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे निघतील.

२ एप्रिल, बुधवार

वर्षाची पहिली मीटिंग. धाकट्या साहेबांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. नाशिकच्या पंपवाल्या ग्राहकाला वेळेवर माल ८३ टक्क्यांवरून ९५ वर. ग्राहकाकडून परत येणारा माल निम्म्यावर. आणि बँकेची कॅश क्रेडिट (गरजेप्रमाणे उचलायच्या कर्जाची मर्यादा), जी कायम काठोकाठ भरलेली असते (मार्चअखेर ९७ टक्के), ती दिवाळीपर्यंत ७० टक्क्यांच्या आत.

मग माझा कागद निघाला. गेल्या वर्षी दरात ४ टक्के कपात करायची होती, मी ४.३ केली होती. इन्सेन्टिव्हही मिळाला होता. मोठे साहेब म्हणाले, "छान." धाकट्यांनी विचारलं, "म्हणजे साठ-बासष्ट लाख वाचले. मग ते आहेत कुठे?"

कुणीच बोललं नाही. मी तर नाहीच. फळ्यावरच्या तीन ओळींत 'दर' हा शब्द नव्हता आणि माझ्या कागदावर दराशिवाय काही नव्हतं. शेवटी ठरलं की परचेसची मोजपट्टी या तीन ओळींशी जुळवायची, मुदत सहा महिने, आणि बाहेरचा सल्लागार बोलवायचा नाही. (दोन वर्षांपूर्वी एक बोलावला होता. फाइल छान बांधून दिली होती. अजून तशीच छान आहे.)

९ ते २१ एप्रिल

पैसा नेमका कुणाकडे जातो ते काढायला घेतलं. टॅलीतून वर्षाचे सगळे परचेस व्हाउचर एक्सेलमध्ये उतरवले. मी तीन दिवस धरले होते, लागले अकरा.

पुरवठादार दिसले ४१२. त्यातला एकच हार्डवेअरवाला चार नावांनी होता: एकदा 'ट्रेडर्स', एकदा 'ट्रेडिंग', एकदा स्पेलिंग चुकून आणि एकदा दुकानाऐवजी मालकाच्या नावाने. जीएसटी नंबरवरून जुळवायला लागल्यावर गाडी पुढे सरकली. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, मी नावांवरून जुळवत पाच दिवस घालवले. जुळवून झाल्यावर उरले २८७, आणि त्यातल्या १९ जणांकडे ११.४ कोटी जातात. उरलेल्या २६८ जणांना मिळून ३.२ कोटी, पण माझ्या हाताखालच्या दोघा मुलांचा बहुतेक दिवस याच २६८ जणांच्या फोनवर जातो.

डेटा एंट्रीला एक मुलगा महिनाभर घेतला, १८,००० रुपये.

२५ एप्रिल, शुक्रवार

ही चूक माझी, म्हणून सविस्तर.

२१ तारखेला केंद्र सरकारने पोलादाच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्युटी (देशी उत्पादकांना सावरायला जादा आयात कर) लावली, २०० दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला स्टीलवाल्याचा फोन: "मॅडम, बार वर जाणार. आज बोललात तर जुन्या भावात देतो." मी नऊ टन ईएन ८ चे (शाफ्टच्या पोलादाचे) गोल बार ६४ रुपये किलोने सांगून मोकळी झाले. ५.७६ लाख, वर जीएसटी. माल आज उतरला.

संध्याकाळी जेवताना मोबाइलवर बातमी पूर्ण वाचली. ड्युटी फ्लॅट मालावर आहे, म्हणजे कॉइल, शीट, प्लेट. गोल बारचा त्यात संबंधच नाही. आम्हाला महिन्याला लागतो दीड टन. म्हणजे सहा महिन्यांचा माल एका फोनवर घेतला, तोही नेमका कॅश क्रेडिट कमी करायचं ठरवलं त्याच महिन्यात. बार ठेवायला शेडमध्ये जागा नाही, पत्र्याबाहेर ताडपत्रीखाली टाकलेत. स्टोअरचे मामा काही बोलले नाहीत, फक्त ताडपत्रीचं बिल माझ्या टेबलावर ठेवून गेले.

६ मे, मंगळवार

सल्लागाराच्या जुन्या फाइलमधला चार खणांचा चौकोन फळ्यावर काढला. एका बाजूला माल मिळण्यातली जोखीम, दुसऱ्या बाजूला पैशाचं वजन. प्रॉडक्शन, क्वालिटी, स्टोअर, मेन्टेनन्स सगळ्यांना बोलावून आपापला माल खणात टाकायला सांगितला. दोन तासांनी बघते तर सगळं वरच्या उजव्या खणात. मेन्टेनन्सवाल्यांनी व्ही-बेल्टही तिथेच चिकटवला होता. प्रत्येकाला आपलं तेच 'क्रिटिकल'.

मग चौकोन पुसला आणि एकच प्रश्न विचारला: हा माल उद्या आला नाही तर नाशिकची गाडी किती दिवसांनी रिकामी जाईल? दोन दिवस, आठवडा, महिना की कधीच नाही. अर्ध्या तासात यादी झाली. 'दोन दिवस' मध्ये फक्त सात वस्तू आल्या, पहिली हाउसिंगचं कास्टिंग. व्ही-बेल्ट 'आठवडा' मध्ये गेला. तोही दोन स्पेअर ठेवले तर 'कधीच नाही', हे मेन्टेनन्सवाल्यांनीच सांगितलं.

१४ ते १७ मे

कास्टिंगचं प्रकरण. गेल्या वर्षीच्या माझ्या ४.३ टक्क्यांतला हा सर्वांत मोठा घास होता.

माल एसजी आयर्न ५००/७ (चिवट प्रकारचं बीड), कच्चं वजन ६.८ किलो, महिन्याला १,४०० नग. जुना फाउंड्रीवाला (ओतशाळेचा मालक) ११८ रुपये किलो घ्यायचा. मी नवा शोधला, १११ चा. किलोमागे ७, नगामागे ४७.६०, महिन्याला ६६,६४०. गेल्या ऑगस्टमध्ये पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) त्याच्याकडे हलवला आणि पाठ थोपटून घेतली.

आता मशीनपाशी जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर परचेसमध्ये नऊ वर्षं झाली, पण सलग एक शिफ्ट व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसमोर पहिल्यांदाच काढली. ऑपरेटरने फिनिश बोअर (आतल्या भोकाचा शेवटचा कट) झालेला नग कापडाने पुसला, बॅटरी मारली आणि माझ्यापुढे धरला. आतल्या भिंतीवर मोहरीएवढं भोक. "मॅडम, हे कास्टिंग वरून बघितलं तर साखरेसारखं स्वच्छ. शेवटचा कट मारेपर्यंत काही कळत नाही." त्या शिफ्टमध्ये असे चार. दोन बोअरलाच दिसले, दोन लीक टेस्टला पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले तेव्हा कळले.

पहिला हिशेब घातला. जुन्या फाउंड्रीच्या मालात मशीनिंगनंतरचं रिजेक्शन १.८ टक्के होतं, नव्याच्या ६.२. फरक महिन्याला ६२ नग. कास्टिंगचे पैसे डेबिट नोटने (फाउंड्रीच्या बिलातून कापून) परत मिळतात, आमचं २२ मिनिटांचं मशीनिंग मिळत नाही. तासाला ५५० धरून नगामागे २०२ रुपये, म्हणजे महिन्याला १२,५२४. एवढंच! ६६ हजार वाचतात आणि साडेबारा जातात. मला वाटलं, निर्णय बरोबरच होता, उगाच घाबरले.

मी कागद मिटतच होते, तर ऑपरेटर म्हणाला, "फीड कमी केलाय ते धरलं का?" धरलं नव्हतं. (फीड म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग.) नव्या कास्टिंगची वरची कातडी कडक, कोपऱ्यात रेती बसलेली. इन्सर्ट (कटरच्या टोकाचे बदलता येणारे तुकडे) उडायला लागले म्हणून मुलांनी आपापसात ठरवून फीड उतरवला होता. सायकल, म्हणजे एका नगाचा वेळ, २२ ची २५ मिनिटं झाली होती आणि ही गोष्ट कुठल्याही कागदावर नव्हती.

१९ मे, सोमवार

दुसरा हिशेब. वाया गेलेलं मशीनिंग १२,५२४. जास्तीचे इन्सर्ट नगामागे ९ रुपये, १२,६००. तीन मिनिटं गुणिले १,४०० म्हणजे ७० तास, ३८,५००. माल अपुरा पडला की नाशिकला जाणारा स्पेशल टेम्पो, महिन्यात दोनदा, १७,०००. वर मी गुरुवारचा ओव्हरटाइमही लावला होता (आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी). अकाउंट्सच्या मॅडमनी तो खोडला: "७० तासांचे पैसे धरलेत ना? तेच तास गुरुवारी भरून काढता. डबल होतंय." बरोबर होतं. ओव्हरटाइम काढून बेरीज ८०,६२४.

६६,६४० वाचवायला ८०,६२४ खर्च, महिन्याला १३,९८४ चा तोटा. ग्राहकाने उशिराबद्दल लावलेला दंड यात नाही. साठ लाख कुठे गेले याचं अख्खं उत्तर हे नाही, पण एक तुकडा सापडला.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी रिजेक्शन रजिस्टरवर थांबू नका. आमच्याकडे सर्वांत मोठा आकडा ऑपरेटरच्या डोक्यात होता.

२८ मे, बुधवार

कोल्हापूर. पहाटे पाचला निघून साडेनऊला शिरोली एमआयडीसी. आधी नव्या फाउंड्रीत गेले. माणूस प्रामाणिक आहे, काही लपवलं नाही. एका बॉक्समधून जास्त नग निघावेत म्हणून त्याने रायझर (साच्यातला जादा धातूचा साठा) लहान केला होता. १११ मध्ये बसवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. जाड भागाला गोठताना वरून धातू कमी पडतो आणि आत पोकळी राहते. म्हणजे ते मोहरीएवढं भोक मीच सात रुपयांत विकत घेतलं होतं.

तिथून जुन्या फाउंड्रीत. पॅटर्न काढून नेल्याचा राग होता, चहा मात्र आला. मालक म्हणाले, "दराचं नंतर बोलू मॅडम. तुमचं पेमेंट किती दिवसांनी येतंय ते बघा की आधी. स्क्रॅपवाला रोख मागतोय, महावितरणचं बिल एक दिवस थांबत न्हाई, न् तुम्ही अडीच महिन्यांनी निम्मं पाठवता. ११८ मधी तुमच्या उधारीचं व्याजच होतं की."

गाडीत बसून हिशेब केला, खरंच होतं. आम्ही ज्याला महाग म्हणून सोडलं तो भाव आमच्याच अकाउंट्सने वाढवलेला होता.

त्यांच्या अटी तीन: ४५ दिवसांत पूर्ण पैसे, तीन महिन्यांचं शेड्यूल हातात, पॅटर्नची दुरुस्ती आमच्या खर्चाने. बदल्यात ११६. मी हो म्हणाले नाही, कारण पहिली अट माझ्या हातात नव्हती.

३ जून, मंगळवार

आजवरची सर्वांत वाईट मीटिंग. ४५ दिवस म्हटल्याबरोबर अकाउंट्सने हिशेब मांडला: फाउंड्र्यांची खरेदी महिन्याला २८ लाख, सरासरी ७२ दिवसांनी देतो, ४५ वर आणायचं तर २५ लाख आत्ता लागतील. म्हणजे कॅश क्रेडिट खाली येण्याऐवजी वर जाणार. फळ्यावरची पहिली ओळ आणि तिसरी ओळ एकमेकींच्या गळ्यात. मोठे साहेब म्हणाले, "वीस वर्षं नव्वद दिवसांनीच देतोय, कोण सोडून गेलंय?"

बाजू फिरवली सीए मॅडमनी. आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच), जे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, पैसे देऊ त्या वर्षी धरायची. मुदत एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यातली: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असला तरी कमाल ४५. आमच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ९० छापलेलं आहे, त्याला काही अर्थ नाही. इतर काही देण्यांसारखी रिटर्न भरेपर्यंतची सवलतही इथे नाही. वर उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ, आणि ते व्याजही खर्चात धरता येत नाही.

३१ मार्चला असे मुदत उलटलेले ६१ लाख होते. २५.१७ टक्क्यांनी कर १५.३५ लाख. पैसे दिल्यावर पुढच्या वर्षी वजावट मिळेल, पण रोख आत्ता जाणार. मोठ्या साहेबांनी आकडा दोनदा विचारला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझा मशीनपाशी तासलेला हिशेब एका बाजूला आणि हा एक आकडा एका बाजूला. राग आला, पण काम झालं.

१९ मोठ्या पुरवठादारांची उद्यम (एमएसएमईच्या सरकारी नोंदणीची) प्रमाणपत्रं मागवली. ११ सूक्ष्म किंवा लघु उत्पादक, ५ मध्यम किंवा मोठे, ३ ट्रेडर. ट्रेडरला हे कलम लागत नाही, त्यामुळे स्टीलवाल्याला आहे तशीच उधारी. (बार प्रकरणानंतर मला त्याचं फार वाईटही वाटलं नाही.) ठरलं असं: ११ जणांना ४५ दिवस, आणि त्यासाठी लागणारी रोकड स्टोअरमधून काढायची.

२० जून, शुक्रवार

पॅटर्न दुरुस्त होऊन जुन्या फाउंड्रीत बसला, ३८,००० रुपये. पहिला लॉट १९ ला रात्री निघाला आणि खेड-शिवापूरला अडकून बसला. माउली आणि तुकोबा दोघांच्याही पालख्या आज पुण्यात, आमच्याकडे यायचे दिघी-आळंदीकडचे रस्ते बंद. कोल्हापूरच्या ड्रायव्हरचा फोन: "मॅडम, रस्ता सुटेस्तोवर गाडी हलत न्हाई. मी दर्शन घेऊन येऊ का?" म्हटलं, या.

पालखीची तारीख वर्षभर आधी माहीत असते. तरी आमच्या शेड्यूलमध्ये कुणी टाकली नव्हती. आता भिंतीवर एक कॅलेंडर लावलंय: पालखी, गणपती, दिवाळीत फाउंड्रीचे कामगार गावी जातात तो आठवडा. खर्च शून्य.

८ ते २३ जुलै

स्टोअर साफ करायला घेतलं. मामांनी एक कपाट उघडलं, आत सीएनएमजी १२०४०८ या मापाचे इन्सर्ट, ३.४ लाखांचे, डब्यांना हात लागलेला नाही. दोन वर्षांपूर्वी शंभर डब्यांवर १२ टक्के सूट होती म्हणून घेतलेले. तेव्हाचा शाफ्ट बंद झाला, ग्रेड आता कुणी लावत नाही. तेव्हा परचेसला कोण होतं ते मामांनी सांगितलं नाही. मीच होते.

सगळं धरून न हलणारा माल ३१ लाखांचा निघाला. मला वाटलं, २५ लाखांची सोय झाली. पण कागदावरचे ३१ लाख बाजारात ३१ लाख नसतात. काही पुरवठादारांनी २० टक्के कापून परत घेतलं, काही आम्ही वापरून संपवलं, काही भंगारात गेलं. सप्टेंबरअखेर हातात आले १४.

इन्सर्टचाही हिशेब याच पंधरवड्यात झाला. आम्ही ३१० चा सोडून १९५ चा घेत होतो. दोन्हीला चार धारा. महागडा ईएन ८ च्या शाफ्टवर धारेमागे ४५ नग काढतो, स्वस्त २२. म्हणजे नगामागे १.७२ विरुद्ध २.२२, शिवाय धार बदलून ऑफसेट घ्यायला (मशीनला नवी धार जुळवून द्यायला) दर वेळी दोन मिनिटं. शाफ्टला महागडा परत आणला. पण रफिंगच्या एका ऑपरेशनला, जिथे कातडीच काढायची असते, स्वस्त तितकाच टिकला. तिथे स्वस्तच ठेवला.

दर पाडायचा तर तो कुठे, याची वेगळी यादी केली. खोके, व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशव्या, हातमोजे, कापड. 'कधीच नाही' या रकान्यातला माल. तिथे मुलांना मोकळं सोडलं, करा घासाघीस. पॅकिंगमध्ये ९ टक्के सुटले आणि मशीनवर कुणाला पत्ताही लागला नाही. १११ वाल्या फाउंड्रीलाही सोडलं नाही. त्याच्याकडे साधं झाकण दिलंय, तिथे आत पोकळी राहिली तरी गळायला काही नाही. तो खूश आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

शब्द मोडला. परवा गणपती बसणार, फाउंड्रीवाल्याला बोनस-उचल द्यायची आहे, त्याचं ४५ दिवसांचं पेमेंट आज होतं आणि बँकेत पैसे नाहीत. कारण आमच्याच एका ग्राहकाने आमचे थांबवलेत. आम्हीही उद्यमवर लघुच आहोत. ज्या कायद्याने आम्ही घाबरलो त्यानेच त्यांनी घाबरायला हवं, पण ते मोठे आहेत आणि आम्हाला ऑर्डर हवी आहे.

ट्रेड्सवर (मोठ्या कंपनीने बिल मंजूर केलं की बँक त्यावर थोडं कापून आधीच पैसे देते तो ऑनलाइन मंच) बिल डिस्काउंट करावं म्हटलं. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी ३१ मार्च २०२५ पर्यंत सक्तीची होती, यांची आहेही. पण सक्ती नोंदणीची आहे, बिल मंजूर करायची नाही. तीन आठवडे फोन केल्यावर त्यांच्या अकाउंट्समधल्या एका भल्या मुलाने पहिलं बिल मंजूर केलं.

फाउंड्रीला मी स्वतः फोन केला, मेल नाही. सांगितलं, आज ६० टक्के, उरलेले १२ सप्टेंबरला. ते एवढंच म्हणाले, "आधी सांगितलंत ते बरं केलंत." १२ ला सकाळी अकराला पैसे टाकले आणि पावतीचा फोटो पाठवला.

१० सप्टेंबर, बुधवार

परचेसची नवी मोजपट्टी जुलैपासून चालू आहे: पुरवठादाराचा माल वेळेवर आणि पूर्ण ३५ गुण, मशीनवर गेल्यानंतरचं रिजेक्शन २५, स्टॉकचे दिवस २०, दर २०. इन्सेन्टिव्ह त्यावर.

ऑगस्टचा आकडा आला. 'वेळेवर' ७१ वरून थेट ९२! पेढे आणायचे बाकी होते. पण त्याच महिन्यात मी प्रॉडक्शनच्या मुलांना कास्टिंगची वाट बघत बसलेलं स्वतः पाहिलं होतं. पीओचा इतिहास उघडला. माल उशिरा येणार असं कळलं की माझ्या हाताखालचा एक मुलगा सिस्टिममध्ये पीओची तारीखच पुढे सरकवत होता. विचारलं तर खरंखुरं नवल वाटून म्हणाला, "मॅडम, पुरवठादाराने नवीन तारीख दिली होती ना, मग बदलायला नको?"

त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता. मीही गेली दोन वर्षं पहिलं कोटेशन फुगवून मागवायचे आणि त्यातली घट 'बचत' म्हणून दाखवायचे. आता पहिली कबूल तारीख लॉक केलीय, बदल दुसऱ्या रकान्यात. ऑगस्टचा खरा आकडा ७८.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीआधीची मीटिंग. नाशिकला वेळेवर माल सप्टेंबरमध्ये ९१ टक्के, ९५ नाही. हाउसिंगचं मशीनिंगनंतरचं रिजेक्शन ६.२ वरून २.३, फीड परत जुना, सायकल साडेबावीस मिनिटं. ग्राहकाकडून परत येणारा माल कमी झालाय, पण निम्म्यावर आला म्हणायला अजून दोन महिने बघावं लागेल. कॅश क्रेडिट ८४ टक्के. ७० म्हटलं होतं. ४५ दिवसांच्या पेमेंटने जे ओढलं ते स्टोअरने पूर्ण भरून दिलं नाही, आणि ग्राहक आमचे पैसे आहेत त्याच वेगाने देताहेत.

दरातली बचत १.१ टक्के. मोठ्या साहेबांनी तो आकडा बोटाने दाखवला: "गेल्या वर्षी ४.३ होती." धाकटे काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "हो. आणि माझा इन्सेन्टिव्हही कमी झालाय." ते हसले. पटलं की नाही ते मार्चमध्ये कळेल.

या सगळ्याचा रोख खर्च: मुलगा १८,०००, पॅटर्न ३८,०००, कोल्हापूरच्या तीन फेऱ्या ११,४००. माझा वेळ धरला नाही. बारचा भाव जूनमध्ये ६१ झाला होता, नऊ टनांवर २७,००० गेले, ते मी वेगळ्या ओळीत माझ्या नावाने लिहिलेत.

अजून लोंबकळतंय ते: पॅटर्नचा दुसरा सेट (एकाच फाउंड्रीवर अवलंबून राहायला मी घाबरते, त्यांना तसं सांगितलंयही), तीन मध्यम पुरवठादारांशी शेड्यूलचं बोलणं, आणि २६८ छोट्यांपैकी निदान शंभर कमी करणं. त्याला अजून हातही लावलेला नाही.

ईएन ८ चे बार आज मोजले. ताडपत्रीखाली अजून १.३ टन शिल्लक, टोकांना गंज. स्टीलवाल्याचा सकाळीच फोन होता: दिवाळीनंतर भाव वाढणार म्हणे.